उजवा घोटा

(तृतीय वर्ष कला, मराठी)

वार्षिक अंकासाठी काहीतरी लिहून द्या, असे सरांनी वर्गात सांगितले तेव्हा माझ्या मैत्रिणींनी चांगले चांगले विषय पटापट पटकावले. कोणी पहिला पाऊस घेतला, कोणी माहेरची विहीर घेतली, एकीने तर अजून लग्न ठरलेले नसताना सासर घेतले! माझ्या वाट्याला उरला तो माझा उजवा घोटा. ललित लेखनाला घोटा हा विषय चालतो की नाही, मला ठाऊक नाही. डोळ्यांवर, केसांवर, आईच्या हातांवर आपल्याकडे भरपूर लिहिले गेले आहे. घोट्याची आठवण मात्र तो मुरगळल्याशिवाय कोणाला होत नाही.

माझा मुरगळला तो ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात. पाऊस दोन दिवस उघडला होता आणि मैदान वरून कोरडे, आतून ओले होते. खो-खोचा सराव चालला होता आणि मी संरक्षणाला होते. खांबाजवळ पाठीमागे लागलेल्या मुलीला हुलकावणी देऊन मी गर्रकन वळले. सगळे शरीर वळले, पाऊल तेवढे मातीत रुतून राहिले. आत कुठेतरी ‘कट्’ असा बारीक आवाज झाला. तो मैदानावर कोणालाच ऐकू गेला नसेल, पण मला अजून ऐकू येतो. पाच मिनिटांत घोट्याच्या बाहेरच्या बाजूला लिंबाएवढा टेंगूळ आला. मैत्रिणींच्या खांद्यावर हात टाकून, लंगडत का होईना, मी मैदानाबाहेर चालत आले. हे ‘चालत आले’ पुढे फार महत्त्वाचे ठरणार होते, हे तेव्हा कोणाला माहीत!

घरी गेल्यावर आजीने आंबेहळद उगाळली. आमचे घर सांगली भागातले, हळद पिकवणारे; त्यामुळे दुखण्याचा आणि हळदीचा संबंध आमच्याकडे वेगळा सांगावा लागत नाही. लेपापर्यंत सगळे ठीक होते. पण रात्री शेजारच्या गावाहून हाडवैद्याला बोलावण्यात आले. त्याने पाय मांडीवर घेऊन तेल लावून असा काही रगडला की माझ्या किंकाळीने गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. “शीर चढली व्हती, बसवली,” असे सांगून तो गेला. शीर बसली असेल, मला मात्र रात्रभर बसता आले नाही आणि निजताही आले नाही. सकाळी टेंगळाचे लिंबू राहिले नव्हते, मोसंबे झाले होते.

दुसऱ्या दिवशी आबा मला जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात घेऊन गेले. रांगेत अडीच तास. डॉक्टर तरुण होते आणि थकलेले दिसत होते. त्यांनी घोट्याच्या दोन्ही बाजूंची हाडे मागच्या कडेने टोकापासून चार-सहा बोटे वरपर्यंत दाबून पाहिली, पावलाच्या कडेला आणि मध्यावर दाबून पाहिले, मग म्हणाले, “चार पावलं चालून दाखव.” मी तोंड वाकडे करीत चालले. “काल दुखल्यावर लगेच चालली होतीस?” मी हो म्हटले. “मग फोटो काढायची गरज नाही. हाड मोडलेलं नाही. पट्टा बांधा, पाय उशीवर ठेवा, मालीश अजिबात नको. पाच दिवसांनी परत या. आज सुजेत नीट तपासता येत नाही. सहा ते बारा आठवडे लागतील. व्यायाम शिकवू.”

आता तुम्हीच सांगा, अडीच तास रांगेत उभे राहून फोटोसुद्धा न काढता माणूस परत आला, तर घरचे काय म्हणतील? आजी म्हणाली, “फोटूच काढला न्हाई? मग डाक्टर कशाचा त्यो?” शेजारचे काका म्हणाले, “कळत नाही असं डॉक्टरच सांगतोय!” आबा काही बोलले नाहीत, पण त्यांच्या तोंडावर तेच होते. फुकट मिळालेल्या सल्ल्याला आपल्याकडे औषध म्हणत नाहीत. मलाही तो सल्ला नकोच होता, हे आज कबूल केले पाहिजे. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात विद्यापीठाच्या संघाची निवड होती. दोन वर्षे मी त्या निवडीसाठी पहाटे पाचला उठत होते. बारा आठवडे म्हणजे नोव्हेंबर उजाडणार. पाच दिवसांनी आम्ही परत गेलोच नाही.

त्याऐवजी गेलो मोठ्या शहरातल्या एका दवाखान्यात. नाव सांगत नाही. गार हवेची खोली, काचेचे दार, टेबलावर पावलाच्या हाडांचा प्लास्टिकचा सांगाडा. तिथे माझा नुसता फोटो नव्हे, एमआरआय निघाला आणि आबांचे समाधान झाले. हाडाला हाड बांधून ठेवणारे तीन पट्टे घोट्याच्या बाहेरच्या अंगाला असतात. पाऊल आत वळले की त्यांतला पुढचा पट्टा सर्वांत आधी ताणतो किंवा तुटतो. माझा अर्धवट फाटला होता. त्या डॉक्टरांनी हे सांगाड्यावर फार सुंदर समजावले. बोलणे इतके गोड की आमच्या वक्तृत्व मंडळात असते तर करंडक त्यांनाच मिळाला असता. मग त्यांनी एक रंगीत पत्रक पुढे ठेवले. त्यावर ‘पुनर्जनन उपचार’ असे छापले होते.

त्यात दोन प्रकार होते. पहिल्याचे नाव पीआरपी. हातातून रक्त काढायचे, यंत्रात गरगर फिरवायचे, त्यातला प्लेटलेटांनी गच्च भरलेला पिवळसर भाग वेगळा काढून तो घोट्यात टोचायचा. डेंग्यूमुळे प्लेटलेट हा शब्द आता आमच्या आजीलाही माहीत आहे. जखम झाली की त्या पेशी रक्त थांबवतात आणि दुरुस्तीच्या कामगारांना बोलावणारी द्रव्ये सोडतात, हे खरे आहे. अशी तीन इंजेक्शने, प्रत्येकी 12 हजार. दुसरा प्रकार मूलपेशींचा. कंबरेच्या हाडातला मगज काढून त्यातल्या पेशी घोट्यात सोडायच्या. त्याला 1 लाख 60 हजार. “शरीरच शरीराला दुरुस्त करतं. आपण फक्त त्याला गती द्यायची. सहा आठवड्यांत मैदानावर,” डॉक्टर म्हणाले.

सहा आठवडे! मी मनात बोटे मोजली. निवडीला बरोबर पोचत होते.

आबांनी 5 हजार आगाऊ भरले. परतीच्या एसटीत ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “गोदामातली हळद काढू या.” भाव चढेल म्हणून आबांनी वर्षभर पंधरा पोती धरून ठेवली होती. त्या पैशांतून पावसाळ्यानंतर घरावरचे पत्रे बदलायचे होते. मधल्या खोलीत दोन ठिकाणी पातेली ठेवावी लागत. मी नको म्हटले नाही. हे लिहिताना मला चांगले वाटत नाही, पण मी नको म्हटले नाही.

आडवा आला तो माझा मावसभाऊ. तो वैद्यकीय महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे. गणपतीला आला असताना त्याने पत्रक उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, “हे कोणत्या चाचणीत चाललंय?” मला प्रश्नच कळला नाही. तो म्हणाला, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. रक्ताच्या काही आजारांत वगैरे मूलपेशींचे रोपण ही रुळलेली गोष्ट आहे. त्याखेरीज कुठल्याही दुखण्यावर त्या वापरायच्या तर मंजुरी घेतलेल्या चाचणीतच, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. “इथे तर दरपत्रक छापलंय!” अमेरिकेतली हकिगतही त्यानेच सांगितली. नाळेतल्या रक्तापासून केलेली ‘मूलपेशींची’ म्हणून विकली जाणारी इंजेक्शने सांध्यांत आणि मणक्यांत घेतलेल्या 12 माणसांना जीवाणूंचा संसर्ग होऊन रुग्णालयात दाखल व्हावे लागले. तिथल्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राने ते 2018 च्या डिसेंबरात प्रसिद्ध केले.

मी त्याच्यावर चिडले. “तुला माझी निवड महत्त्वाची वाटत नाही,” असे म्हणाले आणि रडलेही. “मूलपेशी राहू देत. पीआरपी तरी घेऊ दे. माझंच रक्त, मला काय बाधणार?” तो वाद घालीत बसला नाही. त्याने मोबाइलवर तीन-चार शोधनिबंध पाठवले आणि म्हणाला, “तू भाषेची विद्यार्थिनी ना? वाच. अडलं तर विचार.”

दोन रात्री मी शब्दकोश घेऊन बसले. पहिला निबंध नेदरलँडमधला, 2010 चा. विषय घोट्याच्या मागची जाड दोरी, अकिलीसच्या नावाची. ग्रीक वीराची ही टाच आम्ही पहिल्या वर्षी अभ्यासली होती. गंमत म्हणजे टाचेची ती गोष्ट होमरच्या ‘इलियड’मध्ये नाहीच, ती नंतरची. आपल्याकडेही मौसलपर्वात जरा व्याधाचा बाण श्रीकृष्णाच्या पावलालाच लागतो. देवाचा आणि वीराचा शेवट दोन्ही संस्कृतींना पायाशी सुचावा, याचा विचार करण्यात माझी पहिली रात्र निम्मी गेली. अभ्यासातून पळ काढायला संस्कृतीसारखी सोय नाही.

निबंधात होते ते असे. ती दोरी जुनाट दुखणारे 54 रुग्ण घेतले. निम्म्यांना पीआरपी टोचले, निम्म्यांना नुसते मिठाचे पाणी. कोणाला काय टोचले ते रुग्णाला ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. व्यायाम मात्र सगळ्यांना सारखाच. 24 आठवड्यांनी शंभराच्या मोजपट्टीवर पीआरपीवाले 21.7 गुणांनी सुधारले. मिठाच्या पाण्याचे 20.5 गुणांनी. म्हणजे फरक पडलाच नाही. दुसरा निबंध 2021 चा, इंग्लंडातल्या 240 रुग्णांचा, त्याच दोरीचा. त्यात टोचल्याचे नुसते सोंग केलेल्यांपेक्षा पीआरपीवाले बरे निघाले नाहीत. तिसरा त्याच वर्षीचा, पुन्हा नेदरलँडमधला, घोट्याची झीज झालेल्या 100 माणसांचा. पीआरपीला 10 गुण, मिठाच्या पाण्याला 11! माझ्यासारख्या ताज्या मुरगळीवरचा 2015 चा एक अगदी छोटा अभ्यास होता. त्यातही पीआरपीने काही अधिक साधले नव्हते.

एक गोष्ट इथे स्पष्ट केली पाहिजे. पीआरपी म्हणजे भोंदूपणा, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. शरीराच्या दुसऱ्या सांध्यांवर त्याचा उपयोग किती, यावर डॉक्टरांचेच वाद चालू आहेत आणि उद्या घोट्यावरही काही सिद्ध होईल. मला पाहायचे होते ते आजचे आणि माझ्या घोट्याचे. पण निबंध वाचताना मला धक्का बसला तो पीआरपीचा नव्हे, मिठाच्या पाण्याचा. ती निम्मी माणसेही सुधारली होती! पत्रकावरचे वाक्य खोटे नव्हते. शरीर खरोखरच शरीराला दुरुस्त करते. फक्त त्या कामाचे 36 हजार मागितले जात होते, आणि गती मिळते म्हणावी तर ती कोणाला मोजता आली नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी आबा गोदामात जायला निघाले होते. मी उंबऱ्यात उभी राहून त्यांना सगळे सांगितले, मिठाच्या पाण्यासकट. त्यांना पोत्याच्या हिशेबासारखे ते लगेच कळले. थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, “म्हणजे त्या सरकारी डॉक्टरानं सांगितलं तेच की.” मी मान हलवली. “आणि तुझी निवड?” मी उत्तर दिले नाही. आगाऊ भरलेले 5 हजार परत मिळाले नाहीत, हे जाता जाता सांगून टाकते.

सरकारी रुग्णालयातल्या त्या डॉक्टरांनी आम्हाला उशिरा आल्याबद्दल एक शब्दही ऐकवला नाही. टाच धरून पुढे ओढून पाहिली, “सैल आहे, पण तुटलेला नाही,” म्हणाले आणि व्यायामाच्या विभागात पाठवले. फोटोशिवाय मला घरी धाडणारी ती चार पावलांची परीक्षा त्यांची स्वतःची नव्हती, हे भावाने पुढे सांगितले. कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी नको तितके फोटो काढणे थांबावे म्हणून 1992 मध्ये ते नियम प्रसिद्ध केले आणि आज ते जगभर वापरतात. आजीला सांगितले तर ती म्हणाली, “येवढ्या लांबून आलाय व्हय नियम? मग बरोबर असंल.”

आमच्या क्रीडाशिक्षकांचा भर बर्फावर होता. विश्रांती, बर्फ, पट्टा, पाय वर ही चतुःसूत्री 1978 साली एका अमेरिकी डॉक्टरांनी आपल्या पुस्तकात मांडली आणि पुढे जगभर झाली. त्याच डॉक्टरांनी 2014 च्या सुमारास म्हटले की बर्फाने आणि संपूर्ण विश्रांतीने बरे होणे उलट लांबू शकते. स्वतःचे गाजलेले सूत्र असे जाहीरपणे मागे घेणारा माणूस मला भावला. समीक्षेच्या क्षेत्रात असे किती जण आहेत, हा प्रश्न मी आमच्या प्राध्यापकांसाठी इथे ठेवून पुढे जाते.

व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी पहिला धडा दिला तो बालवाडीचा: “पायाच्या अंगठ्याने हवेत मुळाक्षरं काढ. रोज तीनदा.” मराठी विषय घेतलेल्या मुलीला याहून अनुकूल औषध कोणते! खाटेच्या कडेला बसून मी पाय हवेत धरून ‘अ’ काढला. ‘ग’, ‘म’, ‘न’ ही सज्जन अक्षरे. ‘ट’ आणि ‘ठ’ही सांभाळून घेतात. ‘ळ’ मात्र प्राण घेई. त्याच्या दोन्ही गाठींना पाऊल आधी आत, मग बाहेर न्यावे लागते, आणि आत नेताना फाटलेला पट्टा ओरडतो. ‘क्ष’ला मी पंधरा दिवस हात, म्हणजे पाय, लावला नाही. धाकट्या भावाने माझ्या पायाचे अक्षर हाताच्या अक्षरापेक्षा बरे असल्याचे जाहीर केले. ज्या दिवशी ‘ज्ञ’ न थांबता पुरा झाला, त्या दिवशी मी घरात साखर वाटली.

पुढचा धडा एका पायावर उभे राहण्याचा. मॅडम म्हणाल्या, या पट्ट्यांत नुसती ताकद नसते, खबर देणाऱ्या मज्जातंतूंची टोकेही असतात. पाऊल कुठे टेकले, किती कलले, हे ती आपल्याला न कळता कळवत असतात. पट्टा फाटला की खबर येणे बिघडते, म्हणून एकदा मुरगळलेला पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो. 1965 मध्ये इंग्रज डॉक्टरांनी हे मांडले आणि तोल साधण्याचा व्यायाम सुचवला. पट्टा भरून यायला आठवडे लागतात, त्याचे धागे नीट रांगेत बसायला वर्षसुद्धा. पण हे भान रोज थोडे थोडे परत शिकवता येते. भावाने पाठवलेल्या गठ्ठ्यात याचाही अभ्यास होता, 2009 चा, 522 खेळाडूंचा. नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी वर्षभरात 33 टक्क्यांचा घोटा पुन्हा मुरगळला. घरच्या घरी आठ आठवडे तोलाचा व्यायाम केलेल्यांत 22 टक्क्यांचा. इतक्या निबंधांत घोट्याला खरा उपयोग झालेला दिसला तो या एका ठिकाणी, आणि त्याला रंगीत पत्रक नव्हते.

मग आमच्या सोप्यात रोज सकाळी तमाशा सुरू झाला. दात घासताना उजव्या पायावर. मग डोळे मिटून. मग घडी घातलेल्या वाकळेवर. डोळे मिटले की पहिल्या दिवशी मी चार सेकंदांत भिंतीवर आपटले. आजी म्हणाली, “विठोबा विटंवर हुबा हाय, पर दोन पायांवर. तू कशाला त्याच्या म्होरं जातीस?” भाऊ मोजायला बसे आणि लबाडी करून आकडे गाळी.

निवड ठरल्या दिवशीच झाली. मी गेले होते, बघायला. माझ्या जागी आमच्याच महाविद्यालयाची पहिल्या वर्षाची मुलगी उभी होती आणि ती निवडली गेली. मी टाळ्या वाजवल्या. पण घरी येऊन जेवले नाही. त्या रात्री मला पुन्हा वाटले, ती इंजेक्शने घेतली असती तर? निबंध तोंडपाठ असूनही वाटले. मिठाच्या पाण्याचे गणित डोक्याला पटते. ऑक्टोबरची ती संध्याकाळ डोक्यात नव्हतीच. आबांना ते कळले असावे. ते येऊन खाटेवर बसले आणि म्हणाले, “तू म्हणली असतीस तर मी भरले असते.” मी म्हटले, “म्हणून तर.” पुढे दोघेही काही बोललो नाही.

नोव्हेंबरच्या अखेरीस मी मैदानात सरळ धावले; डिसेंबरात वळले. पट्टा बांधून, खांबापासून दोन हात लांबून. जानेवारीत तालुक्याच्या सामन्यात एक पूर्ण पाळी टिकून राहिले आणि मग वळताना घाबरून स्वतःच बाद झाले. घोटा धरला होता, घाबरली मी. पाय पुरा बरा आहे का, असे कोणी विचारले तर सांगता येत नाही. खडबडीत रस्त्यावर तो अजून कुरकुरतो आणि पाऊस यायच्या आधी आजीच्या गुडघ्याबरोबर त्याचीही कुरबुर चालते.

हळद आबांनी नंतर विकली. भाव काय मिळाला ते मी विचारले नाही; पत्रे बदलले आहेत आणि पातेली स्वयंपाकघरात परत गेली आहेत. परवा रात्री जेवणे झाल्यावर मी सोप्यात वाकळेवर उभी होते, डोळे मिटून, उजव्या पायावर. भाऊ अभ्यासाला बसला होता, म्हणून मोजायला कोणी नव्हते. आबा अंगणातून आत आले, चपला काढल्या आणि काही न बोलता भिंतीला टेकून बसले. थोड्या वेळाने मला त्यांचा हलका आवाज ऐकू आला: “एकतीस... बत्तीस... तेहेतीस...”